क्लेपची अमेरिकन इतिहासाची परीक्षा: पुस्तकाआधी रजिस्ट्रारला मेल

क्लेप म्हणजे कोर्स न करता कॉलेजचं क्रेडिट मिळवून देणारी कॉलेज बोर्डाची परीक्षा. ती द्यायची असेल तर पुस्तक, नोट्स, व्हिडिओ सगळं नंतर. आधी कॉलेजच्या रजिस्ट्रार ऑफिसला मेल टाका. त्यात 'क्लेप चालतं का?' एवढंच विचारू नका. 'हो, चालतं' असं उत्तर येईल आणि ते कवडीच्या कामाचं नसेल. नीट विचारा: 'हिस्टरी ऑफ द युनायटेड स्टेट्स'चा भाग १ पास झालो तर तुमच्याकडच्या कोणत्या कोर्सचं क्रेडिट मिळेल, कोर्सचा कोड काय, स्कोअर किमान किती लागतो, आणि हे क्रेडिट पदवीच्या सक्तीच्या इतिहासात धरणार की नुसतं इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे ऐच्छिक विषयांत? उत्तर लेखी घ्या. मागच्या वेळी मी ॲडव्हायजरच्या फोनवरच्या 'येस, शुअर'वर विसंबलो. पास झालो, पण क्रेडिट इलेक्टिव्हच्या रकान्यात गेलं. तिथे आधीच भरताड होतं, त्यामुळे इतिहासाचा कोर्स पुढच्या सेमिस्टरला फी भरून करावाच लागला.

टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत पदवीसाठी अमेरिकन इतिहासाचे ६ क्रेडिट तास कायद्यानेच लागतात. तिथे एका परीक्षेवर सहसा भागत नाही, दोन्ही भाग द्यावे लागतात. तेव्हा कोणता भाग कोणत्या कोडला लागतो हेही मेलमध्येच विचारा. शाळेत एपी (शाळेतच देता येणारी कॉलेज-पातळीची परीक्षा) दिलेली असेल तर त्याच कोर्सचं क्रेडिट दुसऱ्यांदा मिळत नाही. हेही लेखी विचारा. कोड, कोड, कोड. कोड हातात आल्याशिवाय पैसे भरू नका.

आता अभ्यास. भाग १ वसाहतींपासून १८७७ पर्यंत, भाग २ १८६५ पासून आजपर्यंत. भाग १ मध्ये १७८९ पर्यंतच्या काळाला साधारण ३० टक्के आणि १७९० ते १८७७ ला ७० टक्के वजन आहे. बहुतेक जण जेम्सटाउन, प्युरिटन, बोस्टन असं रमतगमत जातात आणि अध्यक्ष जॅक्सनपाशी पोचेपर्यंत परीक्षा आलेली असते. उलटं करा, १७९० पासून सुरू करा. वसाहती उरल्या वेळात होतात.

प्रश्न सनावळीपेक्षा कारणांवर असतात, त्यामुळे घटना सुट्या पाठ करून उपयोग नाही. उदाहरणार्थ ही साखळी बघा. १८२० च्या मिसुरी तडजोडीने लुइझियाना खरेदीच्या मुलखात मिसुरी वगळून ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी बंद केली. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती रेघ पुसून निर्णय तिथल्या रहिवाशांवर सोपवला. मग कॅन्ससमध्ये रक्तपात झाला आणि रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या मुलखात गुलामगिरी बंद करण्याचा अधिकार काँग्रेसला नाहीच. तीन वर्षांत लिंकन निवडून आला आणि साउथ कॅरोलिना देशातून फुटली. एवढं एका दमात सांगता आलं तर यादवी युद्धाच्या आधीचे बरेच प्रश्न सुटतात. जॅक्सनचा बँकेवरचा व्हेटो, साउथ कॅरोलिनाने जकात धुडकावणं आणि १८३० चा इंडियन रिमूव्हल कायदा यांचीही अशीच कारणांसकट उजळणी करा.

सन लक्षात राहत नसतील तर आपले सन कामाला लावा, ते शाळेपासून डोक्यात आहेतच. ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, त्याच डिसेंबरात बोस्टनच्या बंदरात चहा बुडवला गेला, आणि तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचाच होता. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये अमेरिकनांना शरण आलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस पुढे १७९२ मध्ये मराठे आणि निजाम यांना सोबत घेऊन श्रीरंगपट्टणला टिपूला नमवतो. असईची लढाई १८०३, लुइझियाना खरेदी १८०३. ड्रेड स्कॉट तर थेट आपल्या सत्तावन्नला. यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडकला तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांनी बक्कळ पैसा केला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तिथे दिवाळं वाजलं. गुलामगिरी संपवणारी राज्यघटनेची तेरावी दुरुस्तीही १८६५ चीच. चौदावी १८६८, पंधरावी १८७०. परीक्षेत पेशव्यांवर अर्थातच काही येत नाही.

पैसे वाचवायचे असतील तर मॉडर्न स्टेट्स या ना-नफा संस्थेचा फुकट ऑनलाइन कोर्स पुरा करा, परीक्षेच्या फीचं व्हाउचर मिळतं. परीक्षा केंद्राची फी वेगळी असते.

नोंदणी करताना ओळखपत्रावर आहे तेच नाव लिहा. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये घुसलेलं असतं आणि अर्जात आपण ते गाळतो. दारातून परत पाठवतात. स्कोअर कुठे पाठवायचा ते कॉलेज नोंदणीतच निवडा, तेव्हा ते फुकट असतं, नंतर पैसे पडतात. आणि कॉलेजचं नाव निवडताना तो मेल समोर ठेवा. मेल आलेला नसेल तर थांबा. खरंच थांबा.

परीक्षा ९० मिनिटं, प्रश्न १२०. म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिट. 'एक सोडून बाकी सगळं खरं' छापाचे प्रश्न शांतपणे वाचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, रिकामं काही सोडू नका. स्कोअर २० ते ८० मध्ये येतो. साधारण ५० ला क्रेडिट देतात, काही कॉलेजं जास्त मागतात (मेल!). नापास झालात तर तीच परीक्षा तीन महिने देता येत नाही, म्हणून सेमिस्टरच्या तोंडावर तारीख घेऊ नका.

ओळखपत्र, नोंदणीचं तिकीट, फोन बंद. स्कोअर स्क्रीनवर लगेच दिसतो. ट्रान्सक्रिप्टवर तो कोड दिसत नसेल तर जुना मेल जोडून रजिस्ट्रारला परत लिहा.