आधी सिनेमा, मग पितळखोरा: मुलांना दोन्ही कसं दाखवावं

दिवाळीच्या सुट्टीत भावाबहिणींची सात मुलं आमच्याकडे चाळीसगावला येतात. पहिल्या रात्री ओट्यावर पांढरी चादर ताणायची, उसना आणलेला प्रोजेक्टर लावायचा आणि पडक्या मंदिरांतल्या खजिन्याचा एखादा सिनेमा बघायचा, हा आमचा नेम. तीन वर्षांपूर्वी असाच सिनेमा बघून झाल्यावर सकाळी धाकटा भाचा कुदळ घेऊन परसात उभा. "फुई (आत्या), खजिना कोठे शे?"

माझ्या पोटात गोळाच आला. माझ्या माहेरच्या शिवारात हेमाडपंती महादेव आहे. गुप्तधनाच्या नादाने कोणीतरी रात्री येऊन तिथला नंदी उलथवला आणि खाली पुरुषभर खड्डा खणला. निघाली नुसती माती. नंदीची मान तुटली ती तुटलीच. तेव्हापासून मी सिनेमा एकटा दाखवत नाही, त्याच्या मागोमाग पितळखोऱ्याचं लेणंही दाखवते. ते असं.

सुरुवात १९८१ च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'ने करा. हिंदीतून मिळाला तर लहानही बसतात. मात्र शेवटी माणसांचे चेहरे वितळतात, त्याआधी धाकट्यांना झोपायला पाठवा. सुरुवातीला नायक चौथऱ्यावरची सोन्याची मूर्ती उचलतो आणि जागेवर वाळूची पिशवी ठेवतो. तिथे सिनेमा थांबवा. मुलांना एवढंच विचारा: ह्याने उचलण्याआधी काय बघितलं, काय लिहून घेतलं? पुढे अंगावर येणारा तो गोल धोंडा फायबरग्लासचा होता आणि सापांच्या खड्ड्यातले कितीतरी 'साप' म्हणजे बिनपायांचे सरडे होते, हे सांगितलं की पोरं जाम खूश होतात. नागाच्या आणि नटाच्या मध्ये काच होती, हेही सांगा. आपल्याकडे मध्ये काच नसते. कपारीत हात घालायचा नाही, हा नियम त्याच रात्री पाठ करून घ्या.

दुसऱ्या रात्री त्याच 'इंडियाना जोन्स' मालिकेतला १९८९ चा भाग. त्यात शेवटी डोंगरात कोरलेली भव्य गुलाबी इमारत दिसते, ती जॉर्डनमधल्या पेट्राची. सिनेमात आत सापळेच सापळे आहेत, खरं तर आत साध्या, रिकाम्या खोल्या आहेत. तिच्या माथ्यावर दगडाचा एक कलश आहे. त्यात धन असेल म्हणून लोकांनी त्यावर गोळ्या झाडल्या. कलश आतून भरीव दगडाचा. गोळ्यांच्या खुणा आजही आहेत. हे ऐकून थोरली भाची म्हणाली, "म्हणजे आपल्या नंदीसारखंच." मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

आता तिसरा दिवस. पहाटे निघा. कळण्याची भाकरी, ठेचा, भरपूर पाणी, प्रत्येकाला वही-पेन्सिल आणि टोपी. कन्नडचा घाट चढून वर गेलं की सातमाळा डोंगररांगेच्या कड्यात पितळखोरा आहे. दोन हजार वर्षांहून जुनी बौद्ध लेणी. पायऱ्या बऱ्याच उतराव्या लागतात, ओल असेल तर शेवाळावर पाय सरकतो, म्हणून चपला नकोत, बूट घाला. कड्यांना आग्या मोहोळ असतं. अत्तर लावू नका, धूर करू नका आणि सिनेमातल्यासारखी आरोळी तर मुळीच ठोकू नका.

चौथ्या लेण्यापाशी थांबा. ओळीने कोरलेले हत्ती आणि दारावरचे द्वारपाल मुलांना आपोआप दिसतात. ते झाले की पायऱ्यांच्या बाजूला पाच फण्यांचा नाग आहे, तिथे बसा. प्रत्येक फण्याला भोक आहे. मागून दगडातून पन्हळ काढलेली आहे. तिच्यातून पाणी सोडलं की फण्यांतून बाहेर यायचं. ही खरी करामत! बाण नाही, सापळा नाही, येणाऱ्याच्या स्वागताला पाणी. मुलांना बोट न लावता पन्हळ कुठून कुठे जाते ते डोळ्यांनी शोधू द्या आणि वहीत काढू द्या. आमच्या पोरांनी ह्या एका नागापाशी पाऊण तास काढला.

जेवताना यक्षाची गोष्ट सांगा. १९५० च्या दशकात पुरातत्त्व विभागाच्या म. न. देशपांडे यांनी इथला मलबा उपसला, त्यात एक हसरा, बुटका यक्ष सापडला. त्याच्या हातावर कोरलेलं आहे की हा कान्हदासाने घडवला, जो सोनार होता. यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दगडावर काम करणारा सोनार! मलबा कोणी चोरून उपसला असता तर हे नाव आपल्याला कळलं नसतं.

कायदाही सांगून ठेवा, मोठी मुलं तो लक्षात ठेवतात. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांवर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कारवाई होते. शेतात नांगरताना कोरीव दगड लागला तर तो जागेवरच राहू द्यावा, फोटो काढावा आणि तहसीलला कळवावं.

अंगात दम उरला असेल तर दुसऱ्या दिवशी चाळीसगावजवळचं पाटण. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, असं सांगणारा शिलालेख तिथलाच. गणित नकोसं वाटणाऱ्या मुलाला तिथे जरूर न्या.

रात्री घरी आल्यावर पहिल्या सिनेमाची सुरुवातीची दहा मिनिटं परत लावा. आम्ही लावली तेव्हा कुदळवाला भाचा चादरीच्या अगदी पुढ्यात बसला होता. मूर्ती उचलली गेली आणि तो ओरडला, "अरे, आधी चौथऱ्याचं चित्र तर काढ!"