मदत मागण्याआधी फाइलची कुंडली काढा

'व्हिडिओत आवाज आणि चित्र जुळत नाही, काय करू?' एवढंच विचारलं तर अनुभवी एडिटरही उलटे दहा प्रश्न विचारतो आणि दिवस तिथेच संपतो. त्याऐवजी आधी मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि बिघडलेली क्लिप त्यात टाका. कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), रिझोल्यूशन, फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं), आवाजाचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) सगळं समोर येतं. ते जसंच्या तसं प्रश्नासोबत चिकटवा. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो मात्र नको.

बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं. 'फ्रेमरेट मोड'समोर 'व्हेरिएबल', म्हणजे बदलता, असं दिसलं, तर पहिला संशय त्यावरच घ्या. मोबाइलचं शूटिंग आणि स्क्रीन रेकॉर्डिंग बहुतेक वेळा असंच असतं. अशी क्लिप शटर एन्कोडर या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर फ्रेमरेटवर, प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या कोडेकमध्ये बदलून घ्या. फाइल अवाढव्य होते, पण टाइमलाइन सुरळीत चालते. हँडब्रेक या तशाच सॉफ्टवेअरनेही काम भागतं. फक्त तो चित्र जास्त कॉम्प्रेस करतो, त्यामुळे कलर ग्रेडिंग (रंगांची सुधारणा) करायचं असेल तर मी तो टाळेन.

आकडेही नीट वाचा. 23.976 फ्रेमरेटला 24 धरून चित्र चालवलं आणि आवाज तसाच ठेवला, तर तासाभरात फरक साडेतीन सेकंदांच्या वर जातो.

तरीही अडलंच, तर सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, ग्राफिक्स कार्ड आणि आतापर्यंत काय करून पाहिलं ते लिहा. क्लायंटचं फुटेज परवानगीशिवाय नमुना म्हणून पाठवू नका. त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगवर दहा सेकंदांची भिंत शूट केली तरी चालते.