कातकरी वाडीतल्या गरोदर बाईला तिच्या हक्काचं कसं मिळवून द्यायचं

आमच्या रायगडात सगळ्यात मोठी अडचण स्थलांतराची, दिवाळीनंतर बाई नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जाते, नोंद राहते वाडीवर आणि तपासण्या बुडतात. म्हणून पहिल्या 12 आठवड्यांतच आशाताईला गाठून माता-बाल संरक्षण कार्ड करून घ्या आणि निघताना ते तिच्या पिशवीत टाका, घरात पत्र्याखाली खोचून ठेवू नका. भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्यात ते दाखवायचं. दर महिन्याच्या 9 तारखेला मोफत तपासणी असते, हिमोग्लोबिन किती आलं ते विचाराच, बाया स्वतः विचारत नाहीत हो, घाबरतात.

पैशांचं म्हणाल तर पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे 5000 रुपये, दुसरी मुलगी झाली तर 6000, खातं आधारला लिंक हवं. जननी सुरक्षा योजनेचे खेड्यात 700 मिळतात, पण तिथे जातीचा दाखला मागतात आणि गाडी तिथेच अडते. दाखल्यासाठी सेतू केंद्रात अर्ज करून पोचपावती घ्याच, मुदतीत दाखला आला नाही तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं.

कळा सुरू झाल्या की रुग्णवाहिकेसाठी 102 किंवा 108 ला फोन करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडणं, सगळं 2011 पासून फुकट आहे. कोणी बाहेरून औषध आणायला लावलं तर चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा, 104 ला तक्रार करा, आणि बाईसोबत तिची कातकरी बोली समजणारं कोणीतरी थांबू द्या.