टिक-८० वर पहिला गेम : आंबे झेला

गेम बनवायचा म्हटलं की बरेच जण आधी कुठलंतरी भलंमोठं इंजिन डाउनलोड करतात, मग ट्युटोरियल बघत बसतात आणि तिथेच उत्साह संपतो. पहिला गेम खरंच पूर्ण करायचा असेल तर टिक-८० घ्या. हा फॅन्टसी कन्सोल आहे, म्हणजे असं मशीन खरं कधी नव्हतंच, पण जुन्या मशीनसारख्या मर्यादा मुद्दाम घातल्यात : स्क्रीन २४० बाय १३६ पिक्सेल, रंग १६, आवाजाला ४ चॅनेल, कोड ६४ केबीच्या आत. कोड, चित्रं, मॅप, आवाज, संगीत सगळ्याचे एडिटर आतच आहेत. पिको-८ हा असाच दुसरा फॅन्टसी कन्सोल जास्त फेमस आहे मान्य, पण तो विकतचा आणि सोर्स बंद. टिक-८० एमआयटी लायसन्सखाली ओपन सोर्स आहे. त्याची एक पेड प्रो आवृत्ती आहे, पण ती सोर्सवरून स्वतः फुकट बिल्ड करायची सोयही त्यांनीच ठेवलीय (आणि सुरुवातीला प्रो लागतही नाही).

उघडलं की काळी कन्सोल येते, म्हणजे कमांड टाइप करायची स्क्रीन. तिथे 'न्यू लुआ' (new lua) कमांड द्या (लुआ ही प्रोग्रामिंगची भाषा), मग एस्केप दाबलं की कोड दिसेल. हा कोड रिकामा नसतो, कंट्रोल आर दाबून बघा, एक तोंड अ‍ॅरोने इकडेतिकडे फिरतं आणि खाली हॅलो वर्ल्ड लिहिलेलं असतं. आपण हेच मोडून आपला गेम करायचा, शून्यातून लिहायला जाऊ नका.

सगळा खेळ टिक नावाच्या फंक्शनमध्ये आहे, ते सेकंदाला ६० वेळा चालतं. त्यात बटणं तपासणाऱ्या चार ओळी आहेत, ० वर, १ खाली, २ डावीकडे, ३ उजवीकडे. पहिल्या दोन उडवा. वरती वायची (म्हणजे वरून किती खाली, त्याची) किंमत १२० करा, आणि चित्र काढणाऱ्या एसपीआर (spr) फंक्शनच्या ओळीत स्केलचा जो ३ आहे तो १ करा, की ते तोंड १६ पिक्सेलचं होऊन बरोब्बर तळाला बसतं. झाला तुमचा झेलणारा.

आता एफ२ दाबून स्प्राइट (गेममधली छोटी चित्रं) एडिटरमध्ये ५ नंबरच्या खान्यात आंबा काढा, ८ बाय ८ मध्ये पिवळा गोळा आणि वर एक हिरवा ठिपका, पुरे झालं. कोडमध्ये आंब्याचे एक्स-वाय असे दोन व्हेरिएबल घ्या, दर फ्रेमला (टिक चालेल तेव्हा दर वेळी) वाय १ ने वाढवा आणि स्क्रीन पुसणाऱ्या सीएलएस (cls) नंतर एसपीआरने काढा. सीएलएसच्या आधी काढलात तर लगेच पुसला जाईल. आणि आंब्याभोवती काळा चौकोन दिसला तर घाबरू नका, एसपीआरला चौथा आकडा पारदर्शक रंगाचा द्यावा लागतो, तोंडासाठी तिथे १४ आहे, आपल्या आंब्याला ० द्या.

१ पिक्सेलच्या वेगाने आंबा वरून खाली यायला सव्वादोन सेकंद लागतात, सुरुवातीला ठीक आहे, पण थोड्या वेळाने जांभया येतात. म्हणून वेग १ अधिक गुण भागिले १० असा ठेवा, आपोआप चढत जातो. झेलला का हे बघताना चित्राच्या कडेपेक्षा दोन-तीन पिक्सेल जास्तच सूट द्या. अगदी काटेकोर ठेवलं तर खेळणाऱ्याला वाटतं गेमने चीटिंग केली. झेलला की गुण वाढवा, आंबा परत वर टाका, एक्स रँडम ० ते २३२ (२४० नाही, नाहीतर अख्खा आंबा स्क्रीनबाहेर जाईल). सुटला की गेम ओव्हर किंवा तीन जीव, तुमची मर्जी. आवाजासाठी एफ४ मध्ये एक 'टुक' बनवून झेलल्यावर वाजवा, एवढ्यानेही गेम एकदम जिवंत वाटतो.

आता मराठीचं काय. प्रिंट फंक्शनला देवनागरी येत नाही. आणि अक्षरं स्वतः काढायची म्हटली तरी ८ पिक्सेल उंचीत जमत नाही, शिरोरेघेला एक ओळ, वरच्या मात्रेला दोन, खालच्या उकाराला दोन, मग अक्षराला उरतात तीन, त्यात 'क्ष' काढून दाखवा! त्यापेक्षा अख्खा शब्दच चित्र म्हणून काढा. 'आंबे' साठी तीन खाने रुंद आणि दोन उंच जागा पुरते. एसपीआरमध्ये पारदर्शक रंगानंतर १, ०, ० आणि शेवटी ३, २ लिहिलं की सहाही खाने एकत्र येतात. जोडाक्षरं, काना-मात्रा जुळवायचा प्रश्नच येत नाही कारण हे फक्त चित्र आहे. गुणांसाठी ० ते ९ आकडे मात्र वेगळे काढावे लागतील, ते ८ बाय ८ मध्ये छान बसतात.

मध्येच अडलात तर कन्सोलवर 'सर्फ' (surf) कमांड द्या, लोकांचे गेम दिसतील, कुठलाही उघडा, मग गेममधून बाहेर पडून कोड एडिटरमध्ये गेलात की त्याचा कोड समोर. शिकायला याच्यापेक्षा भारी काही नाही.

कोडिंग नकोच असेल तर जीबी स्टुडिओ हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर बघा, तेही ओपन सोर्स. माउसने सीन आणि संवाद जोडायचे, आणि तयार होणारी फाइल खऱ्या गेमबॉयवर (निन्टेंडोच्या जुन्या हातातल्या गेम मशीनवर) चालते, १६० बाय १४४ ची स्क्रीन. ते गोष्टीवाल्या गेमला बरं, आंबे झेलायला टिक-८०च.

झाल्यावर सेव्ह करा, मग नेट चालू ठेवून कन्सोलवर 'एक्स्पोर्ट एचटीएमएल' (export html) आणि पुढे गेमचं नाव द्या. झिप फाइल मिळते, ती इच डॉट आयओ (itch.io) या गेमच्या साइटवर ब्राउझर गेम म्हणून टाकली की लिंक थेट घरच्या ग्रुपवर. फक्त मोबाइलवाल्यांना अ‍ॅरो की नसतात, त्यांनी तक्रार करायच्या आधी एकदा स्वतःच्या फोनवर चालवून बघा.