होम स्टुडिओची वीज: एका बटणाचा मोह सोडा, दोन ठेवा

घरी रेकॉर्डिंग सुरू करणारे इंटरफेस (माइक आणि स्पीकर संगणकाला जोडणारं यंत्र) आणि माइक निवडण्यात महिनोन्महिने घालवतात. ही यंत्रं ज्या बोर्डात खोचायची, त्याचा विचार मात्र शेवटच्या दिवशी होतो. मी घरून ऑडिओबुकं आणि जाहिरातींचं व्हॉइसओव्हर करते, आणि मला सर्वांत महाग पडलेला धडा या बोर्डानेच शिकवला.

नियम तुम्हाला ठाऊकच असेल. चालू करताना मॉनिटर स्पीकर (रेकॉर्डिंग ऐकायचे, आतच ॲम्प्लिफायर असलेले; पुढे नुसते ‘मॉनिटर’) सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी. पण बहुतेक मॉनिटरचं बटण पाठीमागे, भिंतीच्या बाजूला असतं. रोज वाकून, चाचपडून ते कोण शोधणार? मग सगळ्या पिना एका स्पाइक गार्डमध्ये खोचायच्या आणि त्याचं एकच बटण दाबायचं. मला शिकवणारे तसंच करत. हाताखालच्यांनी त्यांना का म्हणून विचारायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत होती. तीच सवय घरी आली आणि उजव्या मॉनिटरचा ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, गेला. गुरू कितीही मोठा असो, का म्हणून विचारलेलं ज्याला चालत नाही त्याच्याकडे वायरिंग शिकू नका.

आता हे का होतं ते नीट समजून घ्या. एकच बटण दाबलं की सगळं एकाच क्षणी बंद होतं असं वाटतं. तसं होत नाही. मॉनिटरमधल्या ॲम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमध्ये मोठे कपॅसिटर असतात. वीज तुटली तरी साठलेल्या चार्जवर ॲम्प्लिफायर थोडा वेळ चालूच राहतो. इंटरफेसचा सप्लाय लहान, तो आधी कोसळतो. कोसळताना त्याच्या आउटपुटवर व्होल्टेजचा एक झटका येतो, आणि अजून जागा असलेला मॉनिटर तो झटका मोठा करून वाजवतो. तोच तो ‘धप्प’ आवाज. चालू करतानाही हेच. इंटरफेसचं आउटपुट स्थिरावण्याआधी मॉनिटर जागा झाला की धप्प. काही मॉनिटरमध्ये सुरुवातीचे काही क्षण आवाज रोखून धरणारं सर्किट असतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारा इंटरफेस असेल तर आणखी एक गोष्ट: लॅपटॉप झोपला आणि त्याने यूएसबीची वीज तोडली, तर मॉनिटर चालू असताना इंटरफेस बंद होतो. म्हणजे बटणाला हात न लावता तोच झटका.

उपाय स्वस्त आहे, घाबरू नका. आपल्याकडे भिंतीवरच्या प्रत्येक सॉकेटला स्वतःचं बटण असतं, याचा फायदा घ्या. टेबलाच्या उंचीवर, हात पोचेल असा दोन सॉकेटचा बोर्ड बसवून घ्या. एकावर दोन्ही मॉनिटर, दुसऱ्यावर बाकी सगळं. मॉनिटरची मागची बटणं कायम चालू. सकाळी आधी दुसरं बटण, इंटरफेस संगणकाला दिसू लागला की मॉनिटरचं. रात्री आधी मॉनिटरचं, मग संगणक नीट शट डाउन करून दुसरं. लोडची चिंता नको. २३० व्होल्टवर ६ अँपिअरचं सॉकेट १३८० वॅटपर्यंत जातं, आणि लॅपटॉप, इंटरफेस, पाच इंची मॉनिटरची जोडी मिळून साधारणपणे त्याच्या निम्मेही होत नाहीत. एसी मात्र वेगळ्या लाइनवरच हवा.

पण लाइट जाते तेव्हा काय? पावसाळ्यात आमच्याकडे दिवसातून दोनदा जाते, आणि येते तेव्हा सगळी यंत्रं एकदम जागी होतात. संगणक आणि इंटरफेस यूपीएसवर ठेवा, मॉनिटर थेट भिंतीवर. लाइट गेली की मॉनिटर आपोआप आधी बंद होतात, आली की आपोआप शेवटी चालू होतात. क्रम हवा तसाच! घरचा जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर मात्र नको, रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण येऊ शकते. इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटरही तसाच त्रास देतो.

स्मार्ट प्लग आवडत असतील तर वापरा, पण फक्त मॉनिटरसाठी, आणि ॲपमध्ये ‘वीज परत आल्यावर’ची सेटिंग ‘बंद’ अशी ठेवा. संगणक प्लगवरून बंद करायचा नाही, चालू असलेली हार्ड डिस्क अशी तोडायची नसते. रॅकभर यंत्रं असतील तर पॉवर सिक्वेन्सर घ्या. तो एकेक आउटलेट थोड्या थोड्या अंतराने चालू करतो आणि उलट्या क्रमाने बंद करतो. दोन मॉनिटरच्या खोलीला त्याची गरज नाही. त्या पैशात चांगल्या बॅलन्स्ड (बाहेरून शिरणारी गुणगुण कापणाऱ्या) केबल घ्या.

आता कडक शब्दांत. हम (गुणगुण) येतो म्हणून प्लगची तिसरी पिन कापायला किंवा अर्थिंग काढायला सांगणारे अजूनही भेटतात. असं कधीही करू नका. आत बिघाड झाला तर यंत्राच्या धातूच्या अंगावर २३० व्होल्ट येतील, आणि माइकला ओठ लावून तुम्हीच उभे असाल. हम घालवायला बॅलन्स्ड केबल, सगळ्यांना एकाच बोर्डावरून अर्थिंग, आणि गिटार वगैरे असेल तर डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइकच्या इनपुटला चालेल असा करणारी डबी), तोही ग्राउंड लिफ्ट, म्हणजे फक्त ऑडिओ केबलमधला अर्थचा दुवा तोडणारं बटण, असलेला.

हेडफोनला हे सगळं लागू आहे, फक्त तिथे ट्वीटरऐवजी कान असतो. इंटरफेस चालू करताना आणि ४८ व्होल्टचं फँटम (कंडेन्सर माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) देताना हेडफोन डोक्यावरून काढा. फँटम देण्याआधी माइक जोडलेला असावा आणि मॉनिटरचा आवाज शून्यावर. बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबून मगच माइकची केबल काढा.