जुन्या लँड रोव्हरच्या ड्राइव्ह फ्लँजमधून ऑइल गळतंय? पॅकिंग असं बदला

चाकाच्या बरोबर मधोमध पाच बोल्टांनी आवळलेली जाड चकती दिसते, ती ड्राइव्ह फ्लँज. हाफ शाफ्टची, म्हणजे अ‍ॅक्सलमधून चाकापर्यंत येणाऱ्या दांड्याची, ताकद तीच चाकाला देते. 1983 नंतरच्या वन-टेन आणि नाइन्टी, पहिली डिस्कव्हरी, क्लासिक रेंज रोव्हर, पुढच्या चाकांवर सगळीकडे मांडणी साधारण एकच. मागे मात्र काही गाड्यांत फ्लँज आणि शाफ्ट एकसंध असतात. रिमवर मधून कडेकडे गेलेले काळे ओघळ आणि त्यांना चिकटलेली धूळ दिसली, की संशय या फ्लँजवर घ्यायचा. ऑइल टायरच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेकवर असेल, तर हबचं (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाचं) सील गेलंय. ते काम वेगळं, बेअरिंग उतरवून करायचं.

फ्लँजमागचं कागदी पॅकिंग आणायला धावण्याआधी ब्रीदर बघा. डिफ (डिफरेन्शियल, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) तापला की अ‍ॅक्सलमधली हवा फुगते आणि वरच्या बारीक नळीतून बाहेर पडते. नळी चिखलाने बुजली, की तीच हवा ऑइलला सगळ्यात कच्च्या सांध्यातून बाहेर रेटते. मी पहिल्यांदा नवंकोरं पॅकिंग बसवलं आणि पंधरा दिवसांत रिम पुन्हा ओली. शेवटी नळी काढून फुंकली, तर गाल दुखले पण हवा काही जाईना! काही जुन्या गाड्यांत नळीऐवजी छोटी पितळी झडप असते. ती काढून हलवा, आतली गोळी खुळखुळली पाहिजे.

आता गाडी अशी लावा की कामाची बाजू किंचित उंच राहील, म्हणजे ऑइल दुसरीकडे उतरतं. चाक काढायची गरज नाही. वजन हबच्या बेअरिंगवर असतं, शाफ्टवर नाही. पण एक धोका ओळखून असा. या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) मागे, डिफकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागची एक फ्लँज सुटली की डिफमधून ती बाजू मोकळी फिरते, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. म्हणून उरलेल्या चाकांना पुढून-मागून दणकट ठोकळे लावल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

मधली टोपी काढा, सर्क्लिप (शाफ्टच्या खाचेत बसणारी कडी) पक्कडीने उघडून काढा. त्यामागे शिम (पातळ चकत्या) असतील तर जेवढ्या निघाल्या तेवढ्याच परत घालायच्या, म्हणून लगेच डबीत टाका. मग 17 च्या पान्याने पाचही बोल्ट. फ्लँज चिकटून बसली असेल तर लाकडी हातोडीने कडेवर ठोका. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलंत तर ओरखडा पडतो, आणि उद्या ऑइल तिथूनच येतं.

खरा वेळ साफसफाईला द्या. जुन्या पॅकिंगचा कागद खरवडून काढा, दोन्ही तोंडं ब्रेक क्लीनरने पुसा, बोल्टांच्या आट्याही कोरड्या करा. बोट फिरवून बघा, तेलकटपणा अजिबात लागता कामा नये. फ्लँजच्या आतल्या दात्यांवर लालसर भुकटी असेल किंवा ते धारदार झाले असतील, तर फ्लँजच बदला.

नव्या पॅकिंगला दोन्ही बाजूंनी सीलंटचा पातळ हात द्या. जास्त थापलंत तर ते आत, बेअरिंगच्या दिशेने दाबलं जातं. बोल्टना थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावून एकाआड एक आवळा, शेवटी टॉर्क रेंचने 65 न्यूटन-मीटर. पुढच्या चाकाची सर्क्लिप खाचेत बसत नसेल, तर शाफ्टच्या टोकाच्या भोकात बोल्ट फिरवून शाफ्ट बाहेर ओढून धरा.

काही जण दात्यांवरही सीलंट भरतात. मला ते पटत नाही. तिथे ऑइल पोचतंय हे बरंच आहे. टोपीची कड मात्र सील करा, आणि ती तडकली असेल तर नवी घ्या.

सीलंट रात्रभर सुकू द्या. सकाळी डिफचा फिलर प्लग उघडून नव्वद नंबर गिअर ऑइल भोकाच्या कडेपर्यंत भरा. फ्लँजवर टाल्कम पावडर भुरभुरवून वीसेक किलोमीटर फिरून या. पावडर टोपीच्या कडेला काळी पडली तर टोपी, सांध्यावर पडली तर पॅकिंग पुन्हा उघडायचं.