सनस्पॉटमधून सोलरची रिक्वेस्ट बदलताना या चुका टाळा

सोलर म्हटलं की पुण्यात निम्मे लोक गच्चीवरच्या पाणी तापवायच्या टाकीकडे बोट दाखवतात. इथे विषय सर्च सर्व्हरचा आहे, आणि रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेतून त्याच्याशी बोलणाऱ्या सनस्पॉट लायब्ररीचा.

आमचं ॲप जुन्या पुस्तकांचं. शोधात 'अप्पा बळवंत चौकापासून २ किलोमीटरच्या आत' एवढीच अट वाढवायची होती. सनस्पॉटमध्ये त्यासाठी 'इन रेडियस' तयार आहे. पण मला हुशारी सुचली. सोलरला जाणारी रिक्वेस्ट हाताने बदलू देणारा 'ॲडजस्ट सोलर पॅराम्स'चा ब्लॉक उघडला आणि एफक्यूमध्ये (फिल्टर क्वेरी, म्हणजे निकाल गाळायच्या अटी) बरोबरचं चिन्ह टाकून माझा जिओफिल्ट (अंतराची अट) भरला. दुसऱ्या दिवशी पुस्तकांच्या यादीत दुकानं आली आणि पानच कोसळलं; दुकानाला छापील किंमत कुठून असणार?

झालं असं की सनस्पॉट प्रत्येक शोधात एफक्यूच्या ॲरेमध्ये (यादीत) मॉडेलचा 'टाइप', म्हणजे पुस्तक की दुकान, स्वतःहून घालतं. पुस्तकं आणि दुकानं सोलरच्या एकाच कोअरमध्ये (इंडेक्समध्ये), दोघांच्याही लोकेशन फील्डचं नाव एकच. मी = वापरून टाइपची अट पुसून टाकली होती. तिथे यादीत भर घालणारं << हवं होतं. हा ब्लॉक तुमच्या हाती कोरा कागद देत नाही, भरलेला फॉर्म देतो. त्यात ओळ वाढवायची, फॉर्म फाडायचा नाही.

एफएलचं, म्हणजे उत्तरात कोणती फील्ड्स हवीत त्या यादीचं, तेच. मूळ किंमत (व्हॅल्यू) 'सगळी फील्ड्स आणि स्कोअर' अशी असते. वेग वाढवायला तिथे फक्त शीर्षक ठेवलंत तर आयडी परत येत नाही. 'बुक ४२' अशा त्या आयडीवरूनच सनस्पॉट डेटाबेसमधली नोंद शोधतं, त्यामुळे पुढचं सगळं अडतं.

दुसरी चूक जास्त छळते, कारण काहीच तुटत नाही. सनस्पॉट पॅरामीटर रुबीच्या हॅशमध्ये, म्हणजे नाव-किंमत जोड्यांत ठेवतं, आणि त्यातली नावं (की) स्ट्रिंग नसून सिंबॉल असतात. तुम्ही अवतरणातली स्ट्रिंग वापरून 'रोज' (rows, एका पानावर किती निकाल) ५० केलंत, तर हॅशमध्ये दोन वेगळ्या की तयार होतात आणि 'रोज' दोनदा पाठवलं जातं. सोलर पहिली किंमत धरतं, म्हणजे जुनी. तुम्ही आकडा बदलत राहता, पान ३० निकालांवरच. (३० ही सनस्पॉटची एका पानावरच्या निकालांची ठरलेली संख्या. सोलरची स्वतःची १०.) रेल्सच्या (रुबीच्या वेब फ्रेमवर्कच्या) लॉगमध्ये सोलर रिक्वेस्टची ओळ पाहिली असती तर मिनिटात कळलं असतं. मी ती पाहिली ती चहाचे तीन कप झाल्यावर.

जिओफिल्टमध्ये आधी अक्षांश, मग रेखांश. पुण्यासाठी १८.५२,७३.८५. गूगल मॅप्सवरून घेतलं तर क्रम बरोबर येतो. जिओजेसन (नकाशाच्या डेटाचा एक फॉरमॅट) उलटं लिहितं. तिथून तसंच उचललंत तर तुमचा चौक नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो आणि शोधात शून्य निकाल. एरर मात्र नाही.

सनस्पॉट सोडून थेट आरसोलर (सोलरशी बोलणारी रुबीची साधी लायब्ररी) वापरत असाल तर 'गेट'ने, म्हणजे यूआरएलमध्येच, शेकडो आयडी पाठवू नका. सोलर ज्या जेट्टी वेब सर्व्हरवर चालतं, त्याची हेडरची मर्यादा साधारण ८ केबी असते, ती ओलांडली की ४१४ (यूआरएल फार लांब) हा एरर येतो. 'पोस्ट' करून डेटामध्ये पाठवा. तरीही 'ऑर'ने जोडलेली १०२४ पेक्षा जास्त कलमं सोलर मुळात नाकारतं. तिथे सोलरचा 'टर्म्स' क्वेरी पार्सर वापरायचा, तो आयडींची लांब यादी घेतो. आणि ग्राहकाने टाइप केलेला मजकूर एफक्यूत जोडताना आरसोलरच्या 'सोलर एस्केप'मधून काढा, नाहीतर एखादा कोलन किंवा कंस टाकून कोणीही क्वेरी मोडेल.

सगळं बरोबर दिसतंय, लॉगमध्येही नवीच किंमत जातेय, तरी सोलर ऐकत नाही? मग सोलरकॉन्फिग या सोलरच्या सेटिंग फाइलमध्ये तुमची रिक्वेस्ट हाताळणाऱ्या हँडलरचा 'इन्व्हेरियंट्स' विभाग उघडा. तिथे लिहिलेलं पॅरामीटर क्लायंटने काहीही पाठवलं तरी बदलत नाही, आणि सोलर तक्रारही करत नाही. रिक्वेस्टला 'एकोपॅराम्स' ऑल देऊन पाहा. सर्व्हरने शेवटी कोणत्या किमती धरल्या ते उत्तराच्या हेडरमध्ये छापून येतं. किंमत तिथे अडकलेली निघाली तर रुबीचा कोड तसाच राहू द्या, सोलरकॉन्फिगची फाइल बदला आणि कोअर रीलोड करा.